जुन्या जीपची निवड

'जीप' हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, तो परक्या भाषेंतून आला याचें स्मरण सहसा कोणास होत नाहीं. मामलेदाराची जीप, जंगलखात्याची जीप, देवीची लस टोंचावयास आलेल्या डॉक्टरांची जीप, निवडणुकींत कर्णा लावून फिरणारी जीप, अशा नाना रूपांनीं ही गाडी महाराष्ट्राच्या खेडोपाडीं पोंचली. मोटारीचा रस्ता जेथें संपत असे, तेथून पुढें जीपचा रस्ता सुरू होत असे. त्या गाड्यांपैकीं पुष्कळ आतां भंगारांत गेल्या. कांहीं मात्र अद्याप शेतावरील छपराखालीं, भाताच्या गिरणीच्या आवारांत किंवा एखाद्या वाड्याच्या मागील अंगणांत उभ्या आहेत. अशी एखादी गाडी विकत घ्यावी, आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या सोबतीनें ती दुरुस्त करावी आणि एके दिवशीं तिच्यांत बसून दोघांनीं घाट चढावा, अशी इच्छा शहरांतील अनेक सुशिक्षित पालकांच्या मनांत येत असते.

ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु ती तडीस जावयाची, तर उत्साहाहून अधिक गरज आहे ती गाडीच्या योग्य निवडीची. दुरुस्तींत झालेली चूक पुन्हा सुधारतां येते. निवडींत झालेली चूक सुधारणें फार कठीण. मूल बारा-तेरा वर्षांचें झालें म्हणजे त्याच्या हाताला पाना पेलूं लागतो. सतराव्या-अठराव्या वर्षीं तें शिक्षणासाठीं घराबाहेर पडतें. मधल्या काळांतून दहावी आणि बारावी या परीक्षांचीं वर्षें वजा केलीं, तर फार तर तीन वर्षें उरतात. तीन वर्षांचे रविवार दीडशें. त्यांतून सणवार, दुखणींखुपणीं, पाहुणे आणि मुसळधार पावसाचे दिवस सोडले, म्हणजे जेमतेम शंभर रविवार पालकाच्या व पाल्याच्या हातीं राहतात. तेवढ्या अवधींत पुरी होणार नाहीं अशी गाडी दारांत आणली, तर ती ताडपत्रीखालीं खिळखिळी होऊन पडते, आणि हातीं घेतलेलें काम वडील माणसें अर्धवट टाकतात, हा धडा मुलाला रोज जातां-येतां दिसत राहतो. म्हणून निवडीची पहिली कसोटी अशी असावी कीं, गाडी मुलाच्या हातांनीं होण्यासारखी असावी आणि ठराविक काळांत पुरी होण्यासारखी असावी. देखणेपणा, दुर्मिळपणा व मोल यांचा विचार त्यानंतरचा.

या कसोटीस जीप ही जात मुळांतच उतरते. याचें कारण तिच्या जन्मकथेंत आहे. १९४० सालीं अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकें ओढणारी गाडी हवी होती. १३५ कारखान्यांना विचारणा झाली आणि नमुना देण्यास अवघे ४९ दिवस देण्यांत आले. ही मुदत पाळणारी एकच कंपनी निघाली. ती म्हणजे पेनसिल्व्हानिया प्रांतांतील बटलर गांवची लहानशी 'बँटम'. तिची गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजीं लष्कराच्या हवालीं झाली. पुढें टोलेडो येथील 'विलीज-ओव्हरलँड' आणि 'फोर्ड' या कंपन्यांनींही आपापले नमुने आणले, आणि अखेरीस विलीजचा आराखडा मान्य होऊन त्याबरहुकूम दोघांनींही गाड्या केल्या. विलीजची 'एम. बी.' आणि फोर्डची 'जी. पी. डब्ल्यू.' या जुळ्या बहिणींची १९४५ पर्यंतची एकंदर संख्या सहा लाखांवर गेली.

लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या गाड्या ज्यांना चालवावयाच्या आणि रणभूमीवर दुरुस्त करावयाच्या होत्या, ते कसलेले यंत्रज्ञ नव्हते. कालपर्यंत शेतावर किंवा दुकानांत काम करणारा वीस वर्षांचा पोरगा थोड्या शिक्षणानें ती खोलूं शकला पाहिजे, ही अट तिच्या प्रत्येक भागावर उमटलेली आहे. चार सिलिंडरचें, सुमारें २,२०० सी. सी.चें, ६० अश्वशक्तीचें तिचें इंजिन बाजूच्या व्हॉल्वचें आहे. वरचें हेड काढलें कीं, चारही पिस्टनांचे माथे आणि आठही व्हॉल्व एका दृष्टिक्षेपांत दिसतात. वहींत काढलेली आकृति आणि समोरचें यंत्र यांत फरक उरत नाहीं. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे, आणि तो असाच कां, हें मूल हँडल हातानें फिरवून स्वतः पाहूं शकतें. बॉनेट उघडलें कीं आंत हात घालण्यास मुबलक जागा असते. आजच्या मोटारींत प्लॅस्टिकच्या झांकणाखालीं जें सारें लपलेलें असतें, तें येथें उघडें आहे. शिक्षणाच्या दृष्टीनें जीपचें खरें मोल हेंच आहे.

भारतांत या घराण्याच्या गाड्या दोन वाटांनीं आल्या. युद्धाच्या काळांत लष्कराबरोबर आलेल्या गाड्या युद्ध संपल्यावर विकल्या गेल्या, ही पहिली वाट. दुसरी वाट मुंबईची. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि आज 'महिंद्र आणि महिंद्र' या नांवानें सर्वांस ठाऊक असलेल्या कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेंत 'सी. जे. ३ बी.' नांवाची नागरी जीप १९५३ सालीं निघाली. तिच्यांतील नव्या इंजिनाचे आंत घेणारे व्हॉल्व हेडमध्यें आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व बाजूस असल्यामुळें इंजिनाची उंची वाढली, आणि तें बसविण्यासाठीं बॉनेट उंच करावें लागलें. आपल्याकडे जुन्या जीपवाल्यांच्या बोलींत 'लो बॉनेट' आणि 'हाय बॉनेट' असे जे दोन शब्द आहेत, त्यांचें मूळ येथें आहे. अमेरिकेंत ही उंच बॉनेटची गाडी १९६८ सालीं बंद पडली. मुंबईच्या कारखान्यांतून त्याच धाटणीच्या गाड्या पुढें कित्येक दशकें निघत राहिल्या.

आतां उदाहरणादाखल पुण्यांतील एक गृहस्थ आणि त्यांची तेरा वर्षांची कन्या अशी जोडी कल्पावी. दोघें चार ठिकाणीं चार गाड्या पाहून येतात. त्या चारी गाड्यांचा विचार केला, तर निवडीचीं बहुतेक सर्व तत्त्वें त्यांत येऊन जातात.

पहिली गाडी युद्धकाळांतील विलीज. विकणाऱ्याच्या मतें ती अस्सल १९४४ सालची आहे. ती पाहून गृहस्थांचें मन हरखतें. परंतु प्रत्यक्षांत तेथें गाडी नसून एक सांगाडा, दोन पोतीं सुटे भाग आणि पुष्कळशी आश्वासनें असतात. अशा वेळीं खऱ्याखोट्याची पारख मुलीलाही करतां येण्यासारखी आहे. लष्करी जीपच्या पुढच्या पत्र्याच्या जाळींत नऊ फटी असतात, नागरी जीपच्या जाळींत सात. विलीजच्या चॅसीची अगदीं पुढची आडवी पट्टी गोल नळीची असते, फोर्डची उलट्या चौकोनी पन्हळीसारखी. फोर्डच्या पुष्कळ भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां, लहानसें इंग्रजी 'एफ' अक्षर उठविलेलें असतें. लष्करी गाडीची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीं असते. तिचे दिवे मागें वळवून रात्रीं इंजिनावर उजेड पाडतां येतो. हीं लक्षणें एकमेकांशीं जुळत नसतील, तर ती गाडी चार गाड्यांच्या अवशेषांतून जन्मलेली आहे असें समजावें.

समजा, तीं सर्व लक्षणें जुळलीं, तरीसुद्धां या जोडीनें ती घ्यावी काय? पूर्ण अवस्थेंतील आणि कागदपत्रांनीं शुद्ध अशी विलीज मिळाली, तर तिच्याइतकी सोपी गाडी नाहीं. परंतु अस्सल गाडीच्या मागें एक निराळीच अडचण येते. अस्सलपणा राखावयाचा म्हटला कीं, प्रत्येक खिळ्यासाठीं महिनोन् महिने शोध करावा लागतो. सहा व्होल्टची वीजव्यवस्था सांभाळावी लागते. आणि मुख्य म्हणजे इतक्या मोलाच्या वस्तूवर मुलीनें हातोडी चालवावी, हें वडिलांना सहन होत नाहीं. ज्या गाडीला हात लावावयास पालकालाच भीति वाटते, तिला मुलाचा हात कधींच लागत नाहीं. मग मूल दिवा धरून उभें राहतें, आणि दोन रविवारांनंतर तेंही येत नाहीं.

दुसरी गाडी जोंगा. जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यांत १९६९ पासून १९९९ पर्यंत निघालेली ही गाडी निसान कंपनीच्या 'पेट्रोल' या नमुन्यावरून बेतलेली आहे. तिचें रूप भारदस्त, तिचा आवाज भारदस्त. मुलगी तिच्यावर चढून बसते आणि म्हणते, "बाबा, हीच घेऊं या ना!" वडील म्हणतात, "अगं, हिचें इंजिन बघ तरी. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटर. गिअर-बॉक्स उतरवायचा म्हटला तर तुला नि मला मिळून तो उचलायचा नाहीं." वडिलांचें म्हणणें बरोबर आहे. जोंगाचें पेट्रोल पिणें प्रसिद्ध आहे. तिचे भाग मोजक्या व्यापाऱ्यांकडेच मिळतात. आणि तिचा प्रत्येक भाग इतका जड आहे कीं, दोघांच्या कामासाठीं वरचेवर चार माणसें बोलवावीं लागतील. जेथें तिसऱ्या माणसाचें बळ पदोपदीं लागतें, तें काम दोघांचें राहत नाहीं. मात्र मुलीचा आग्रह नुसता मोडून काढूं नये. तिलाच वजनाचा आणि जागेचा हिशेब करावयास सांगावा. आंकड्यांनीं झालेली समजूत रागानें झालेल्या समजुतीपेक्षां टिकाऊ असते.

तिसरी गाडी मारुतीची जिप्सी. १९८५ च्या डिसेंबरांत बाजारांत आलेली ही गाडी सुझुकीच्या जपानी जीपवरून घेतलेली. पहिल्या गाड्यांत ९७० सी. सी.चें इंजिन होतें, पुढें तें सुमारें १,३०० सी. सी.चें झालें. ती हलकी आहे, चिवट आहे आणि तिचे सुटे भाग मिळण्यास अडचण पडत नाहीं. कार्बुरेटर असलेली जुनी जिप्सी या कामाला वाईट नाहीं. ज्या घराला गाडी पुढें सहलींना नित्य वापरावयाची आहे, त्या घरानें तिचा जरूर विचार करावा. परंतु पुढच्या काळांत आलेल्या जिप्सींत पेट्रोल सोडण्याचें काम विजेच्या यंत्रणेकडे गेलें. तेथें दोष शोधणें म्हणजे तारा जोडून आंकडे वाचणें होय. तेंही एक शिक्षण आहे. पण पाना आणि हात यांचें शिक्षण त्यांत कमी.

चौथी गाडी उंच बॉनेटची महिंद्र जीप, पेट्रोलवर चालणारी. ती एका शेतकरी कुटुंबाकडे आहे. रंग उडालेला, टप फाटलेला, आसनें नाहींत; पण इंजिन जागेवर, गिअर-बॉक्स जागेवर, दोन्ही आंस जागेवर आणि नोंदणीचें पुस्तक घरांतल्या पेटींत जपून ठेवलेलें. तिला पाहून कोणाचाच ऊर भरून येत नाहीं. तरीही या जोडीसाठीं निवड तिचीच व्हावी. तिच्यासारख्या गाड्या दशकानुदशकें निघाल्यामुळें दिल्लीचा काश्मीरी गेट असो कीं मुंबईचें कुर्ला असो, तिचे भाग मिळतात. जुन्या गांवठी मेकॅनिकांना ती तोंडपाठ असते. आणि ती अजून इतकी सामान्य आहे कीं, मुलीच्या हातून एखादा बोल्ट तुटला तर कोणाचेंही हृदय तुटत नाहीं. जी गाडी डोळ्यांत भरत नाहीं, पण पुरी आहे, तीच शंभर रविवारांत रस्त्यावर येते.

याच घराण्यांतील डिझेल जीपविषयीं एक शब्द सांगणें जरूर आहे. १९८० च्या दशकापासून 'पूजो' या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचें, सुमारें २,१०० सी. सी.चें डिझेल इंजिन बसविलेल्या महिंद्र जीप पुष्कळ निघाल्या, आणि त्याच आज सर्वांत सहज मिळतात. गाडी म्हणून त्या उत्तम. परंतु डिझेलचा इंधनपंप घरीं खोलण्याची वस्तु नव्हे. तो विशेष यंत्रावरच जुळवावा लागतो. शिवाय इंजेक्टरमधून सुटणारी डिझेलची धार इतक्या दाबाची असते कीं, ती कातडी भेदून आंत शिरते. मूल वयानें लहान असेल तर पेट्रोलची गाडीच बरी.

कित्येकांच्या मनांत लँड रोव्हरचा मोह असतो. १९४८ सालच्या एप्रिलअखेर अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत पुढें आलेली ही इंग्रजी गाडी. युद्धोत्तर टंचाईंत पोलादावर निर्बंध असल्यामुळें तिचें अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलेलें आहे. त्यावरून ती गंजत नाहीं अशी समजूत पसरली. परंतु तिची चॅसी पोलादाचीच आहे, आणि दोन धातु जेथें एकत्र येतात तेथें ओलाव्यानें झीज होतेच. आपल्याकडे ती विरळा असल्यामुळें तिचे भाग बहुधा परदेशांतून मागवावे लागतात, आणि जहाजानें येणाऱ्या पार्सलाची वाट पाहण्यांत मुलाचें बालपण सरतें.

गाडीचा प्रकार ठरला, म्हणजे तपासणीची पाळी येते. येथें बहुतेक लोक इंजिनापासून आरंभ करतात. क्रम नेमका उलट असावा. प्रथम कागद, मग चॅसी, मग पूर्णता आणि सर्वांत शेवटीं इंजिन.

कागद प्रथम, कारण पैसे खर्च करून न सुटणारा दोष तेवढा तोच आहे. चॅसीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशीं अक्षरशः जुळला पाहिजे. विजेरी घेऊन चिखल खरवडून तो आंकडा वाचण्याचें काम मुलाकडे द्यावें. त्याची दृष्टि तीक्ष्ण असते आणि या शोधांत त्याला रसही वाटतो. लष्करानें लिलावांत काढलेली गाडी असेल, तर लिलावापासूनचे सर्व दाखले पाहावे. जुन्या भागांपासून नवी कोरी दिसणारी जीप जुळवून विकण्याचा धंदाही चालतो. तशी गाडी डौलदार असते. पण तिचा कागद एका गाडीचा आणि देह दुसऱ्या गाडीचा असला, तर ती आयुष्यभर दारांतच उभी करावी लागते.

चॅसी ही गाडीची पाठ. लहान हातोडीनें तिच्यावर ठोकत जावें. चांगलें पोलाद खणखणतें, गंजानें पोखरलेलें बद्द वाजतें. स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक जेथें आंत शिरेल, तेथें खडूनें खूण करावी. पाय ठेवावयाच्या पत्र्याखालीं ज्या टोपीसारख्या पट्ट्या असतात, त्यांत पाणी साचून गंज बळावतो. लष्करी जीपमध्यें त्या पट्ट्यांत लाकूड बसविलेलें असल्यामुळें तेथें ओल अधिकच धरून राहते. रंगाखालीं लांबी भरून खड्डे बुजविले आहेत काय, हें पाहण्यास लोहचुंबक पुरतो. जेथें चुंबक चिकटत नाहीं तेथें पत्रा नाहीं. कोंकणपट्टींत वाढलेल्या गाडीपेक्षां सोलापूर-अहिल्यानगरकडील कोरड्या हवेंत राहिलेली गाडी या बाबतींत सहसा चांगली निघते. आंतील पत्रा बदलतां येतो. वांकलेली किंवा तडकलेली चॅसी मात्र सोडून द्यावी.

पूर्णता म्हणजे गाडीचे सर्व अवयव तिच्याजवळ असणें. सुटे झालेले भाग सोबत असले तरी चालतील, पण हरवलेले नसावे. ट्रान्स्फर केसच्या दोन लहान दांड्या, स्टिअरिंगचा गिअर, हेडलाइटच्या कड्या, बॉनेटच्या पकडी या किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंचाच शोध वर्षभर चालतो. यादी करून प्रत्येकापुढें 'आहे' किंवा 'नाहीं' असें लिहावें. 'नाहीं' पंधरांच्या वर गेले कीं पाऊल मागें घ्यावें.

इंजिन शेवटीं, कारण तें मिटलेलें असलें तरी बहुधा उघडतें. प्लग काढून त्या भोंकांतून थोडें पातळ तेल सोडावें आणि कांहीं दिवस थांबावें. पुष्कळ इंजिनें या उपचारानें सुटतात. सुटल्यावर प्लग परत बसवावे आणि वडील माणसानें पुढचें हँडल सावकाश फिरवावें. दोन फेऱ्यांत चार ठिकाणीं सारखाच अडसर लागला, तर चारही सिलिंडर दाब धरत आहेत असें समजावें. मुलानें तो अडसर स्वतःच्या तळहातावर अनुभवावा. हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवण्याची संवय त्याला तेव्हांच लावावी. इंजिन उलटें फिरलें, तर विळखा घातलेला आंगठा मोडतो.

संरक्षणाचा प्रश्न निघालाच आहे, तर कांहीं नियम येथेंच सांगितलेले बरे. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही जाऊं नये. लोखंडी घोड्या लावाव्या, विटा कधींही लावूं नयेत, कारण वीट एकाएकीं फुटते. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असतो. ती धूळ फुंकूं नये, झाडूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, म्हणून मुलानें तो कोरडा घासूं नये. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षां अधिक घातक असते, कारण आंत वाफ राहते. तिला डाख देण्याचें काम त्या कामांतील जाणत्या माणसाकडेच द्यावें. जुन्या जीपच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एक नळी फुटली कीं चारही जातात. त्यामुळें रंग लावण्याआधीं ब्रेक नवे करावे. जें मूल या क्रमाचें कारण समजलें, तें पुष्कळ शिकलें.

कायद्याचाही विचार निवडीच्या वेळींच करणें शहाणपणाचें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या आणि मूळ रूपांत राखलेल्या खासगी गाडीस 'विंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. त्या नियमांत नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये ठेवलेलें आहे आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे. परंतु अशी गाडी नित्य वापरासाठीं किंवा धंद्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच तिला मोकळीक असते. ज्यांना सहलींना जावयाचें आहे, त्यांनीं साधी नोंदणी व योग्यतेचा दाखला पांच-पांच वर्षांनीं वाढवून घेण्याचा मार्ग धरावा, आणि पंधरा वर्षांवरील गाडीस महाराष्ट्रांत लागणारा पर्यावरण कर हिशेबांत धरावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ घडणींत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं. मुलाला सिनेमांत पाहिलेलीं भलीं मोठीं चाकें हवीं असतील, तर त्याला हें कलम वाचून दाखवावें. आणखी एक गोष्ट: गाडी स्वतः दुरुस्त केली म्हणून अठरा वर्षांखालील मुलाला सार्वजनिक रस्त्यावर ती चालविण्याचा अधिकार मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधाची शिक्षा पालकाला भोगावी लागते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड असा तो कायदा आहे. हा करार खरेदीपूर्वींच स्पष्ट झालेला असावा.

पैशाच्या बाबतींत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हीच म्हण येथें लागू पडते. हातीं असलेल्या रकमेचे तीन भाग करावे. एका भागांत गाडी घ्यावी, दुसऱ्यांत ती नीट करावी आणि तिसरा भाग ठाऊक नसलेल्या दोषांसाठीं राखून ठेवावा. सारी रक्कम खरेदींतच संपली, तर पुढचे रविवार हात चोळण्यांत जातात. गाडी सोसायटीच्या आवारांत ठेवावयाची असेल, तर शेजाऱ्यांची व कार्यकारी मंडळाची संमति आधीं घ्यावी. तेलाच्या डागावरून झालेले तंटे गंजापेक्षां चिवट असतात.

गाडी घरीं आल्यावर ती एकदम सर्व खोलून टाकण्याचा मोह आवरावा. ज्यांनीं पहिल्याच महिन्यांत नटबोल्टांचा ढीग घातला, त्यांच्यापैकीं फार थोड्यांनीं तो पुन्हा रचला. आधीं इंजिन चालू करावें, मग ब्रेक करावे, आवारांत दहा पावलें गाडी हलवावी आणि मगच एकेक भाग घ्यावा. तीन-चार रविवारांत कांहीं तरी पुरें झालेलें दिसलें, तर मुलाची गोडी टिकते. दहा वर्षांचें मूल नट धुऊन डब्यांत भरील आणि डब्यावर नांव लिहील. तेरा वर्षांचें मूल प्लगची फट मापपट्टीनें ०.०३० इंच ठेवील. सोळा वर्षांचें मूल कार्बुरेटर खोलून पुन्हा बसवील. युद्धकाळच्या जीपसाठीं अमेरिकन लष्करानें १९४४ सालीं काढलेली 'टी. एम. ९-८०३' ही पुस्तिका आजही मिळते. तिच्यांतील आकृत्या इतक्या स्वच्छ आहेत कीं, इंग्रजी बेताचें असलेलें मूलही त्यांवरून काम समजूं शकतें. पुस्तक वाचून हातांनीं करणें आणि केलेलें वहींत लिहिणें, या तिन्ही गोष्टी येथें एकाच जागीं मिळतात.

आणि सर्वांत आधीं विचारावयाचा प्रश्न अगदीं साधा आहे: ही इच्छा कोणाची? पुष्कळदां ती पालकाच्या तरुणपणांतील राहून गेलेली हौस असते आणि मुलाला तिच्यांत ओढलेलें असतें. हौस पालकाची असण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तसें असेल, तर निवडीच्या वेळीं मुलाला खरोखरीचें मत असावें. चार गाड्या पाहिल्यावर दोघांनीं निरनिराळ्या कागदांवर आपली पसंती आणि तिचीं कारणें लिहावीं, मग कागद अदलाबदल करून वाचावे. मुलाचें कारण सबळ असेल, तर आपली पसंती मागें घेण्याची तयारी वडिलांनीं ठेवावी. चॅसी व ब्रेक यांबाबत अखेरचा शब्द पालकाचा असावा. रंग, आसनें आणि गाडीचें नांव यांबाबत मुलाचा. ज्या निवडींत आपला शब्द मानला गेला, त्या कामाकडे मूल बोलावल्यावांचून येतें.

खरेदीच्या दिवशीं वहीच्या पहिल्या पानावर मुलानें स्वतःच्या अक्षरांत ही गाडी कां निवडली तें लिहून ठेवावें. दुसऱ्या वर्षींच्या उन्हाळ्यांत, एखादा गंजलेला बोल्ट तीन रविवार हलत नाहीं आणि दोघांचाही धीर सुटत आलेला असतो, तेव्हां तें पान उघडून वाचण्याचा उपयोग होतो. गाडी सामान्य असली तरी कारणें खरीं असतील, तर पाना पुन्हा हातीं घ्यावासा वाटतो.